सागरतीरावरील सायकलीच्या वाटा

आमचे वडूज हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, येरळा नदीच्या काठी वसलेले गाव. येथे पाऊस बेताचा आणि क्षितिज मोठे. माळावरून जाणारा रस्ता जसा दिसतो तसाच असतो. दूरवर पुढच्या गावाची झाडे दिसू लागली, की थोड्याच वेळात आपण तेथे पोहोचणार हे निश्चित समजावे. वारा समोरून आला तर तेवढीच काय ती अडचण. अशा मुलुखात सायकल शिकलेला मनुष्य समुद्रकिनारी गेला, म्हणजे तेथील वाट शोधण्यात त्याची फसगत कशी होते, हे मी स्वतःच अनुभवले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही गुहागरास जाण्यासाठी निघालो. बरोबर मुलगा, सून, चौदा वर्षांचा नातू व अकरा वर्षांची नात होती. गाडीच्या टपावर पाच सायकली बांधलेल्या होत्या. कऱ्हाड, पाटण, कोयनानगर असे करीत कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो, तेव्हा खाली पसरलेले हिरवे कोकण पाहून मुले हरखून गेली. चिपळुणावरून सायंकाळी गुहागरास पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा उघडला. दक्षिणेस वेळणेश्वर हे प्रसिद्ध स्थान आहे. नकाशावर ते अगदी जवळ दिसले. समुद्राच्या काठाकाठाने जाणारा रस्ता सपाटच असणार, असे मी ठामपणे सांगितले. मुलाने थोडी शंका काढली; परंतु आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेल्या माणसापुढे घरातील शंका फार वेळ टिकत नाहीत. नाश्ता उरकून नऊ वाजता आम्ही निघालो.

गाव मागे पडते न पडते तोच चढ लागला. तो संपला तेव्हा आम्ही उघड्या सड्यावर होतो. तेथे सावलीचे नाव नव्हते. मग पालशेतकडे उतार, आणि पुन्हा चढ. पुढच्या एका उतारावर मी सर्वांच्या पुढे होतो. वळण घेऊन मागे पाहिले, तो रस्ता रिकामा! हृदयात धस्स झाले. सायकल तेथेच टाकून मी धावत वर गेलो. नातीच्या सायकलीचे ब्रेक त्या लांब उतारावर पुरे पडले नव्हते. वळणावरच्या बारीक खडीवरून चाक घसरून ती जांभ्या दगडाच्या गडग्यावर आदळली होती. कोपर सोलवटले होते, रक्त वाहत होते. सुदैवाने हाड शाबूत होते. ती रडली नाही. ‘आजोबा, हा रस्ता सपाट आहे असे तुम्ही म्हणाला होता ना?’ एवढेच तिने विचारले. एका रिकाम्या टेम्पोने आम्हांस परत आणले.

त्या दिवशी दुपारी मला झोप लागली नाही. चूक कोठे झाली, याचा मी विचार करू लागलो.

कोकणचा किनारा सपाट नाही, आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीवर पडणारे अपार पावसाचे पाणी घेऊन लहानमोठ्या नद्या पश्चिमेकडे धावतात. त्यांनी जांभ्या दगडाचे पठार जागोजाग चिरले आहे. दोन नद्यांच्या मध्ये पठाराचा जो भाग उरला, त्याची सोंड थेट समुद्रात घुसते. आणि नदी जेथे समुद्रास मिळते तेथे खाडी होते. म्हणून किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या रस्त्यास सोंड आली की चढावे लागते आणि खाडी आली की उतरावे लागते. कित्येक खाड्यांवर पूल नाही. गुहागर तालुक्यातील धोपावे आणि पलीकडचे दाभोळ ही गावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर आहेत. तरी 2003 साली वाहने नेणारी फेरीबोट सुरू होण्यापूर्वी गाडीने जाणाऱ्यास चिपळुणाकडून मोठा वळसा घ्यावा लागे. नकाशावरील बोटभर अंतर कोकणात फसवे असते, ते यामुळे.

मग नकाशा टाकून द्यावयाचा काय? मुळीच नाही. तो वाचावयास हवा, आणि मी तो नुसता पाहिला होता. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील 500 मीटर असतात व त्यावर समोच्च रेषा काढलेल्या असतात. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषांपैकी लागोपाठच्या दोहोंमध्ये सामान्यतः 20 मीटरचे अंतर असते. आपला रस्ता अशा पाच रेषा ओलांडून वर गेला, तर आपण सुमारे 100 मीटर चढलो. त्या पाच रेषा एका किलोमीटरमध्ये आल्या, तर लहान मुलाने तेथे सायकल हातात धरून चालावे. रेषा जेथे विरळ आहेत, किंवा रस्ता रेषेला न छेदता तिच्या बाजूने जातो, ती वाट मुलांची. हा भूगोलाचा धडा मी वर्गात अनेकदा शिकविला होता, हे सांगताना मला संकोच वाटतो.

असा रस्ता शोधू लागलो, तो आमच्या दारातच निघाला! गुहागर गाव पुळणीच्या मागे, तिला समांतर असे लांबच लांब पसरले आहे. खालचा पाट आणि वरचा पाट अशी त्याच्या वस्त्यांची नावे. दोन्ही बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये व्याडेश्वराचे मंदिर, आणि झाडांच्या सावलीतून जाणारा सपाट रस्ता. वेळणेश्वराच्या नादात त्याच्याकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

पुळणीवरून सायकल चालविता येईल काय, हा प्रश्न नातवाने काढला. त्याचे उत्तर आमच्या वृद्ध घरमालकांनी दिले. त्यांनी उलट विचारले, ‘गुरुजी, उद्या तिथी कोणती?’ मी म्हटले, ‘षष्ठी.’ ‘मग सहाची पाऊणपट करा.’ साडेचार! म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती पुरी होणार. प्रतिपदेपासून तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने मिळते. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. या हिशेबात ती 45 मिनिटे धरली आहेत. म्हणून थोडा फरक राहतो, आणि बिनचूक वेळ हवी असेल तर छापील कोष्टक पाहावे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. पहाटे साडेचारला भरती, तर पावणेअकराच्या सुमारास ओहोटी. त्याआधीचे दोन तास पुळणीवर फिरावयास उत्तम. कारण पाणी तेव्हा मागे हटत असते आणि ओली वाळू घट्ट बसलेली असते. कोरड्या वाळूत चाक रुतते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असल्यामुळे ओहोटीही दूरवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असल्याने पाणी तितके हटत नाही. भरती चढत असताना मात्र खडकांच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जाऊ नये. परतीची वाट पाण्याखाली जाते.

वाऱ्याचे गणित मला अधिक सोपे गेले, कारण वडूजकरांस वाऱ्याची ओळख असते. दिवाळीच्या दिवसांत पहाटे वारा मंद असतो व जमिनीवरून येतो. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि वारा समुद्रावरून वाहू लागतो. या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणून सकाळी उत्तरेकडे जावे आणि येताना दक्षिणेकडे यावे. दमलेल्या पायांना मग पाठीमागून साहाय्य मिळते.

षष्ठीला सकाळी आम्ही प्रथम वाड्यांमधील रस्त्याने उत्तरेच्या टोकापर्यंत गेलो आणि नऊच्या सुमारास पुळणीवर उतरलो. नातीच्या कोपराला पट्टी होती, ब्रेक नवे होते. सुमारे 6 किलोमीटरची ती पुळण, एका बाजूस सुरूची झाडे, दुसऱ्या बाजूस ओसरणारे पाणी. चाकांच्या पाच रेघा आमच्या मागे उमटत होत्या. वारा पाठीशी आला तेव्हा सूनबाईंनी पाय थांबविले, तरी सायकल चालतच राहिली.

घरी आल्यावर मुलांनी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकली धुतल्या व साखळ्यांना तेल दिले, कारण खारी वाळू लोखंडास लवकर खाते. दुपारी पाहतो, तो नात नकाशा पसरून, पेन्सिलीच्या टोकाने अंजनवेलच्या रस्त्यावरील रेषा मोजीत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. परंतु तिचे मोजणे पुरे होईपर्यंत काही बोललो नाही.