जुनी लाइव्ह रेकॉर्डिंग जमवताय? आधी तिची ‘वंशावळ’ विचारा

‘पिंक फ्लॉइड, लाइव्ह १९७५, अतिशय दुर्मीळ!’ असं शीर्षक यूट्यूबवर किंवा टेलिग्रामवर कधी ना कधी दिसतंच. उत्साहाने डाउनलोड करावं, तर आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि तोच कार्यक्रम दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये लख्ख ऐकू येतो. बँड तोच, रात्र तीच, मग एवढा फरक कशाने?

फरक असतो तो फाइल कुठून कुठून फिरत आपल्यापर्यंत आली यात. जुनी रेकॉर्डिंग जमवणारे याला ‘लिनिएज’ म्हणतात. आपण वंशावळ म्हणू. ही वंशावळ वाचता आली की रॉक बँडची टेप असो, नाहीतर झाईतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर पडलेली तारप्याची कॅसेट असो, ती जपायची रीत एकच आहे.

लाइव्ह रेकॉर्डिंग येते कुठून?

मुख्य उगम तीन.

• साउंडबोर्ड : स्टेजवरचे माइक ज्या मिक्सरला जोडलेले असतात, तिथूनच थेट घेतलेली रेकॉर्डिंग. आवाज स्वच्छ, पण प्रेक्षक जवळपास गायब.
• रेडिओ : कार्यक्रम प्रसारित होताना कुणीतरी घरी टेप केलेला.
• ऑडियन्स : गर्दीत बसून, स्वतःचा माइक वापरून केलेली. टाळ्या, शिट्ट्या, शेजारच्याची बडबड, सगळं त्यात येतं.

तिसरा प्रकार सगळ्यात कमी दर्जाचा वाटेल. पण प्रत्येक वेळी तसं नसतं.

व्हीलचेअरमध्ये लपवलेला टेप रेकॉर्डर

१९७० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये माइक मिलर्ड नावाचा एक चाहता होता. रेकॉर्डर मोठा आणि जड, आणि कार्यक्रमात तो न्यायला बंदी. म्हणून हा व्हीलचेअरवर बसून आत जायचा आणि मशीन खुर्चीतच लपवायचा. २६ एप्रिल १९७५ ला त्याने पिंक फ्लॉइडचा कार्यक्रम असाच टेप केला. त्या टेपच्या कॉप्या अनेक दशकं चाहत्यांमध्ये हातोहात फिरत राहिल्या. शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये ‘विश यू वेअर हिअर’ अल्बमच्या पन्नाशीनिमित्त आलेल्या आवृत्तीत बँडने हीच रेकॉर्डिंग अधिकृतपणे घेतली. आवाज साफ करण्याचं काम स्टीव्हन विल्सनने केलं. मिलर्ड १९९४ मध्येच गेला होता, त्यामुळे त्याला हे पाहायला मिळालं नाही.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट ऑक्टोबर १९७२ मध्ये मुंबईत आले होते. इथल्या वादकांना सोबत घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी रेकॉर्ड केली. ही स्टेजवरची नाही, स्टुडिओतली रेकॉर्डिंग. पण तिचा प्रवास तसाच झाला. चाळीसहून अधिक वर्षं ती फक्त चाहत्यांच्या चोरट्या कॉप्यांमध्ये ऐकायला मिळायची, अधिकृतपणे आली ती २०१५ मध्ये.

कॉपीची कॉपी केली की काय होतं?

कॅसेटवरून कॅसेटवर कॉपी करताना दर वेळी थोडी ‘सूंऽऽ’ अशी खरखर वाढते आणि आवाजाची वरची धार कमी होते. मूळ टेप म्हणजे मास्टर. तिच्यावरून केलेली ती पहिली पिढी, त्यावरून केलेली दुसरी. पाचव्या-सहाव्या पिढीला झांजेचा आवाज पाऊस पडल्यासारखा येतो.

डिजिटलमध्ये कॉपी हुबेहूब होते, पण तिथे दुसरा धोका आहे : फॉरमॅट बदलणं. एमपी३ करताना कानाला कमी जाणवणारा भाग कायमचा टाकून दिला जातो. मग त्या एमपी३ ची परत वेव्ह फाइल केली तरी गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. म्हणून जाणकार फ्लॅक फॉरमॅट वापरतात. झिप फाइलसारखं आहे हे : जागा साधारण निम्मी लागते, पण उघडल्यावर आवाज जसाच्या तसा.

फाइल तपासायच्या चार खुणा

१. सोबतची माहिती : चांगल्या फाइलबरोबर एक साधी टेक्स्ट फाइल असते. तारीख, ठिकाण, कुणी टेप केलं, कोणत्या मशीनवर, ही कितवी पिढी. काहीच नसेल तर ‘दुर्मीळ’ या शब्दावर विश्वास ठेवू नका.

२. आवाजाचं चित्र : कंप्युटरवर स्पेक किंवा ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम पाहा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर ती बहुधा कधीतरी एमपी३ होती. जुन्या कॅसेटवर वरचा आवाज तसाही कमीच असतो, पण तो हळूहळू विरत जातो.

३. वेग : रेकॉर्ड करताना बॅटरी उतरलेली असेल तर टेप हळू फिरते. तीच टेप नंतर नेहमीच्या वेगाने वाजवली की गाणं जलद आणि उंच पट्टीत ऐकू येतं. अधिकृत अल्बमशी पट्टी जुळवून बघा.

४. चेकसम : फाइलची ही अंगठ्याच्या ठशासारखी ओळख असते. दोन फाइल्सचे आकडे जुळले तर मधे काहीच बदललेलं नाही.

हेच ज्ञान झाईत कसं वापरायचं?

झाई म्हणजे आपल्या किनाऱ्याचं गुजरातला टेकलेलं टोक. मिलर्डच्या टेपच्या निदान शेकडो कॉप्या होत्या. तलासरी-डहाणू पट्ट्यात कुणी भात कापणीनंतरच्या नाचात तारपा टेप केला असेल, तर त्याची बहुतेक वेळा एकच कॅसेट असते. मास्टरही तीच आणि शेवटची कॉपीही तीच. वाजवणारे आजोबा आज नसतील, तर तो आवाज परत मिळवायला दुसरी जागा नाही.

अशी कॅसेट हाती आली तर :

• आधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा. म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.
• टेपवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. समुद्राच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट वाजवू नका, टेप तुटू शकते आणि बुरशी मशीनला लागते. जाणकाराकडून साफ करून घ्या.
• प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा.
• स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करू नका. प्लेअरच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसला आणि तिथून लॅपटॉपला जोडा. बऱ्याच फोनना तो ओटीजी केबलनेही चालतो.
• ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ वेव्ह ठेवा. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ९० मिनिटांच्या कॅसेटला ९०० एमबी. नंतर फ्लॅक करा.

आज नव्याने तारपा रेकॉर्ड करत असाल तर फोनमधला ‘नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा. तारप्याचा आवाज न तुटता एकसारखा चालतो आणि एकसारखा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं समजून फोन तोच दाबून टाकू शकतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणूनही पाठवू नका. ती बोलण्यासाठी बनवली आहे, संगीत त्यात चिरडलं जातं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फाइल बदलत नाही.

आणि टेक्स्ट फाइल विसरू नका : वाजवणाऱ्याचं नाव, पाडा, सण की लग्न, साल, टेप कुणी केली. हे सांगू शकणारी माणसं घरात आहेत तोवर विचारून घ्या.

कायद्याचं काय?

काही बँडनी स्वतःहून मोकळीक दिली. ग्रेटफुल डेडने तर १९८४ पासून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. पण सगळे तसे नाहीत. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ नुसार कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. कलम ३९ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला सूट आहे, ती अपलोड करायला किंवा विकायला नाही. रॉक स्टारला हा हक्क आहे, तसाच पाड्यावरच्या तारपावादकालाही आहे. त्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारा, नाव द्या, आणि एक कॉपी त्यांच्या हातात ठेवा.

संग्रहात हजार फाइल्स असून त्या कुठून आल्या हे माहीत नसेल, तर ती नुसती भरलेली मेमरी. दहाच असू द्या, पण प्रत्येकीची वंशावळ लिहिलेली असू द्या.