राजांच्या नावाची चांदी : नाव वाचण्याआधी वजन करा

आमचा धंदा कापडाचा. इचलकरंजीहून माल उचलायचा आणि कोल्हापूर, पन्हाळा भागातल्या दुकानदारांना पोहोचवायचा, यात आमची तीस वर्षे गेली. थान हातात आले की आधी सूत पाहायचे, मग पन्हा मोजायचा आणि त्यानंतर भावाची गोष्ट काढायची, ही आमची सवय. पण चांदी घेताना आम्ही ही सवय घरी ठेवून गेलो आणि त्याचा भुर्दंड भरला. वाचक बंधूंना तो भरावा लागू नये म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी पाहुण्यांना घेऊन आम्ही पन्हाळ्यावर गेलो होतो. तीन दरवाजावरचा इब्राहिम आदिलशहाच्या काळातला फार्सी शिलालेख आमच्या उर्दू शाळेतल्या शिक्षणाच्या जोरावर पाहुण्यांना थोडाफार वाचून दाखवला, अंबरखान्याची प्रचंड कोठारे दाखवली. शिलाहार राजा भोज, आदिलशाही, शिवछत्रपती, ताराराणी अशा किती सत्ता या गडाने पाहिल्या! मन भरून आले होते. त्याच दिवशी परतताना एका विक्रेत्याकडे राजमुद्रेची तीन 'चांदीची नाणी' मखमली डब्यांत दिसली. तीन मुलींसाठी तीन घेतली. भाव विचारला, वजन विचारले नाही. पावतीही मागितली नाही.

पुढे थोरल्या मुलीचा निकाह ठरला. ते नाणे मोडून पैंजणात घालावे म्हणून कोल्हापूरच्या गुजरीत गेलो. सराफाने कसोटीवर घासले, तेजाबाचा थेंब टाकला आणि म्हणाला, ''शेठ, यात चांदी नाही. हे जर्मन सिल्व्हर आहे.'' नाव सिल्व्हर, पण आत तांबे, निकेल आणि जस्त! तिन्ही मुलींच्या नावे चांदी ठेवली आहे असे आम्ही घरात सांगत होतो. त्या दिवशी घरी परतताना पाय जड झाले होते.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट समजून घेतला. राजांच्या नावाने बाजारात येणारी नाणी तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार, खरी जुनी नाणी. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई निघाली. आदिलशाहीत चांदीच्या तारेची, दुमडलेल्या पिनेसारखी लारी चालत असे. हा माल पारखणे जाणकाराचेच काम. आपण भोळेपणाने त्यात पडू नये. कायद्याचीही बाब आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. शेतात, पडक्या भिंतीत नाणी सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

दुसरा प्रकार, सरकारी टांकसाळीची स्मारक नाणी. आपल्या देशात ही प्रथा १९६४ साली पंडित नेहरूंच्या नाण्याने सुरू झाली. १९६९ साली गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे निघाले. ते १५ ग्रॅमचे, त्यात ८० टक्के चांदी. राजांपैकी शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे १९९९ चे; ते तांबे-निकेलचे, चांदीचे नव्हे. महाराणा प्रतापांच्या नावे २००३ साली आणि पुन्हा २०१५ साली शंभर रुपयांचे नाणे निघाले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० साली हजार रुपयांचे नाणे निघाले. जुलै २०२५ मध्ये राजेंद्र चोळ याच्या स्मरणार्थ नाणे आले.

या नाण्यांत चांदी किती, हा खरा प्रश्न. शंभर रुपयांची बहुतेक जुनी स्मारक नाणी ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची. त्यांत निम्मी चांदी, ४० टक्के तांबे, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. समजा चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये आहे, तर आतली चांदी १,७५० रुपयांची झाली. दुकानदार यापेक्षा जास्त मागत असेल, तर वरचा पैसा नक्षीचा, डब्याचा आणि दुर्मीळपणाचा आहे हे समजून द्यावा. मिश्रण सर्व नाण्यांत सारखे नसते. प्रत्येक नाण्याचे वजन आणि धातू सरकारी राजपत्रात छापलेले असतात. ते आधी पाहावे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २०११ च्या नाणे कायद्यानुसार सरकारी नाणे वितळवणे गुन्हा आहे आणि स्मारक नाणेही नाणेच. म्हणजे आतली साडेसतरा ग्रॅम चांदी अडचणीच्या वेळी मोडून पैसे करता येणार नाहीत. दुसरा शौकीन गिऱ्हाईक मिळाला तरच नाणे विकले जाईल. म्हणून मुलीच्या लग्नाची किंवा धंद्याच्या भांडवलाची बचत या नाण्यांत अडकवू नये. शौक असेल तर शौकापुरते घ्यावे, आणि शक्यतो टांकसाळीच्या नोंदणीतूनच घ्यावे. वर्षाच्या आकड्याखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे.

तिसरा प्रकार, खासगी शिक्के. आम्ही फसलो ते इथेच. यांना नाणे म्हणतात, पण हे नाणे नव्हे. यात वाईट काही नाही. शिक्का खऱ्या चांदीचा असेल तर तो मोडता येतो, हा त्याचा फायदाच आहे. फक्त चांदी खरी हवी. लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण चांदीप्रमाणे जर्मन सिल्व्हरही चुंबकाला चिकटत नाही. पाण्याची परीक्षा चांगली. ३५ ग्रॅम शुद्ध चांदी बुडवली तर सुमारे ३.३ मिलिलिटर पाणी सरकते. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर सुमारे चार मिलिलिटर सरकवते. सराफाचा बारीक काटा असेल तर फरक लगेच कळतो. त्याहून सोपे म्हणजे हॉलमार्क पाहावा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षरी ओळख क्रमांक मिळू लागला आहे. चांदीला हॉलमार्क सक्तीचा नाही, म्हणून तो आपणच मागायचा. पावतीवर वजन, कस आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यायची.

घरात अशी चांदी असेल तर जकातीच्या हिशेबासाठीही तिच्यातला कस ठाऊक असला पाहिजे. मिश्र धातूचा मसला आलिमांना विचारावा. पण त्यांच्यापुढे जाताना वजनाचा आकडा आपल्या हाती असावा.

आता दोन शब्द कारागीर बंधूंसाठी. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत पन्हाळा आहे. गडावर येणारा पाहुणा काहीतरी आठवण घेऊन जाऊ इच्छितो. हुपरीसारखे चांदीकामाचे गाव याच जिल्ह्यात आहे. मग पाहुण्याने जर्मन सिल्व्हर का न्यावे? पाच-दहा ग्रॅमचा प्रामाणिक शिक्का बनवा. त्यावर तीन दरवाजा काढा, अंबरखाना काढा. मागच्या बाजूला वजन आणि कस ठळक कोरा. हॉलमार्क करून घ्या. रुपयाचा आकडा आणि अशोकस्तंभ मात्र घालू नका, कायद्याने ते सरकारचेच. नफा थोडा कमी सुटेल, पण माल परत येणार नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्याला पाठवील. कापडाच्या धंद्यात आमचा हाच तजुर्बा आहे.

जुन्या काळी सराफ राजाचे नाणेसुद्धा कसोटीवर घासून आणि तराजूत घालूनच घेत असे. त्यात राजाचा अपमान कोणी मानत नव्हते. आम्ही ती तीन नाणी फेकली नाहीत. दुकानात गल्ल्याशेजारी ठेवली आहेत. धाकटा मुलगा खरेदीला निघाला की ती त्याच्या नजरेस पडतात.