शाळा आणि घर : लेखांक सहा
आधी आम्हाला विचारलं का?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. मध्य प्रदेश मंडळाच्या किंवा सीबीएसईच्या प्राथमिक वर्गांच्या पुस्तकांत समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर माणसांच्या समानतेवर धडा नाही. तरीही ‘लहान मुलांना हे कशाला?’ हा प्रश्न इंदूरमध्ये पोटतिडकीने विचारला जातो. परदेशातल्या शाळांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, आणि उद्या हेच सुदामा नगरच्या किंवा रामबागेच्या शाळेत येणार, अशी धास्ती आईवडिलांच्या मनात बसते. ही धास्ती हसण्यावारी न्यावी असे मला वाटत नाही. तिच्यात एक रास्त प्रश्न आहे आणि एक गैरसमज आहे. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की आपल्याकडे एकाला उत्तर द्यायला गेले की दुसराच पेटतो.

आपल्या राज्यात हे एकदा घडून गेले आहे. केंद्र सरकार आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था यांनी माध्यमिक आणि उच्च माध्यमिक वर्गांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आखला होता. २००७ मध्ये शिवराजसिंह चौहान यांच्या सरकारने तो मध्य प्रदेशच्या शाळांतून बंद केला. त्या वेळी केंद्रात मनुष्यबळ विकासमंत्री होते अर्जुन सिंह, म्हणजे आपलेच माजी मुख्यमंत्री. त्याच वर्षी महाराष्ट्रातही विधिमंडळात गदारोळ होऊन हा कार्यक्रम थांबवला गेला, आणि गुजरात, कर्नाटकसारखी राज्येही त्याच वाटेने गेली. राग मुख्यतः शरीराच्या चित्रांच्या तक्त्यांवर होता. ती चित्रे वर्गात कशी दाखवावीत, हा वाद घालण्याजोगाच होता. पण चित्रे बदलून कार्यक्रम चालू ठेवण्याऐवजी अख्खा कार्यक्रमच गुंडाळला गेला. त्याबरोबर वयात येणाऱ्या मुलामुलींना मोठ्या माणसाकडे प्रश्न घेऊन जाण्याची जी थोडीफार सोय झाली असती, तीही गेली.

मग हा विषय राज्यसभेच्या याचिका समितीपुढे गेला. मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या अर्जात मागणी होती की असे शिक्षण आणण्याआधी देशभर चर्चा व्हावी. वेंकय्या नायडू समितीचे अध्यक्ष होते. २००९ च्या अहवालात समितीने या शिक्षणाला विरोध केला आणि विवाहापूर्वी शरीरसंबंध नको, हा संदेश मुलांना द्यावा असे सुचवले. समितीचे उत्तर मला पटत नाही. पण मूळ मागणीतला एक धागा मी बाजूला काढून ठेवतो : आधी आम्हाला विचारा. पालकांचा रास्त प्रश्न तो हाच.

गैरसमजाचे उदाहरण २०२१ चे आहे. एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे यावर एक पुस्तिका तयार केली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस संकेतस्थळावर ठेवली. ती शिक्षकांसाठी होती. वर्गात मुलांपुढे वाचायची नव्हतीच. गणवेश, स्वच्छतागृह, हजेरीतले नाव, चिडवणे अशा शिक्षकाला रोज भेडसावणाऱ्या गोष्टी तिच्यात होत्या. तक्रार झाली, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने एनसीईआरटीला पत्र धाडले, आणि काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून उतरली. आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रियंक कानूनगो आपल्या विदिशेचे. मुलांवर मानसिक आघात होईल, असा आक्षेप होता. पुस्तिकेत यौवनारंभ लांबवणाऱ्या औषधांचा उल्लेख होता, आणि त्यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. तेवढा भाग गाळा किंवा सुधारा असे कुणी म्हटले असते तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण शिक्षकाला काही कळूच नये, याने कोणत्या मुलाचे भले होते? इंदूरच्या बाईंच्या वर्गात असे मूल आले तर त्याच्याशी कसे बोलायचे, हे त्या आता कुठून शिकणार?

आता ज्या परदेशी घटनांच्या चित्रफिती आपण पाहतो, त्यांच्याकडे वळू. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पार्कफील्ड शाळेत अँड्र्यू मॉफॅट या शिक्षकाने ‘नो आउटसायडर्स’ नावाचा उपक्रम चालवला होता. चित्रगोष्टींतून वंश, धर्म, अपंगत्व, लिंग अशा सगळ्या वेगळेपणांविषयी मुलांशी बोलायचे, अशी त्याची पद्धत. काही गोष्टींत दोन आया किंवा दोन बाबा असलेली कुटुंबे होती. २०१९ मध्ये शाळेच्या फाटकासमोर निदर्शने सुरू झाली. पालक बहुतेक मुस्लिम होते. शाळेने उपक्रम थांबवला, पालकांशी बोलणी केली आणि त्याच वर्षी फेरफार करून तो पुन्हा सुरू करायचे ठरवले. जवळच्या अँडर्टन पार्क शाळेबाहेर मात्र निदर्शने चिघळली. नोव्हेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने शाळेच्या परिसरातल्या निदर्शनांना कायमची मनाई केली, आणि शाळेत जे शिकवले जाते त्याचे बाहेर भलतेच चित्र रंगवले गेले, असेही न्यायाधीशांनी नोंदवले. एकाच शहरातल्या या दोन शाळांपैकी जिथे टेबलाशी बसून बोलणी झाली तिथे वाट निघाली, दुसरीकडे प्रकरण न्यायालयात गेले.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये मॉन्टगोमेरी काउंटी आहे. मराठी कुटुंबेही त्या भागात आहेत. तिथल्या शाळांनी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टींची पुस्तके प्राथमिक वर्गांत आणली. आधी पालकांना कळवून, नको असेल त्यांच्या मुलांना त्या तासाला बाहेर बसू दिले जाई. मार्च २०२३ मध्ये ही सवलत काढून घेतली गेली आणि वाद पेटला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला. पुस्तके बाद झाली नाहीत, पण धार्मिक कारणासाठी मुलाला त्या तासातून बाहेर ठेवण्याचा हक्क खटला चालू असेपर्यंत मिळाला. सूचना देणे बंद केले नसते तर हे प्रकरण इतके पेटलेच नसते, असे माझे मत आहे.

मग लहान मुलांना नेमके शिकवायचे काय? युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठीचा भाग पाहिला तर त्यात हे सापडते : कुटुंबे वेगवेगळ्या प्रकारची असतात, प्रत्येकाचा मान राखायचा, चिडवणे वाईट. या गोष्टींत शरीरसंबंध कुठेच येत नाही. आणि आपल्या मुलांनी हे आधीच वाचले आहे! एनसीईआरटीच्या तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या जुन्या पुस्तकात कुटुंबांवर एक धडा होता. त्यात चेन्नईची तारा आहे. तिच्या अम्माने, मीनाक्षीने, लग्न केलेले नाही, ताराला तिने दत्तक घेतले आहे. दुसऱ्या एका घरात मुले एकट्या वडिलांबरोबर राहतात. नवी पुस्तके येईपर्यंत वर्षानुवर्षे देशभरातल्या आठ वर्षांच्या मुलांनी हे वाचले. लग्न न करता आई झालेली बाई पाहून त्यांच्या बालपणाला तडा गेला नाही, कारण मुलाच्या नजरेत ते ताराचे घर होते, एवढेच. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे ‘समलिंगी’ म्हटले की पलंग येतो. मुलाला दिसतात डबा भरून देणारी माणसे. हा फरक पालकसभेत मोकळेपणाने कुणी समजावून सांगितला तर अर्धी भीती तिथेच निवेल.

राहिलेली अर्धी अशी असते : ऐकून आपले मूल तसे होईल. ऐकून कुणी समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर होत नाही. तसे असते तर हे सगळे शब्द गिळून बसलेल्या आपल्या पिढ्यांत अशी माणसे जन्मलीच नसती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि २०१८ मध्ये इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही तो आजार नसल्याचे जाहीर केले.

अज्ञानाची किंमत कोण मोजते, ते युनेस्कोनेच तमिळनाडूत केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत दिसते. अशा ३७१ जणांशी बोलणे झाले. साठ टक्क्यांनी सांगितले की माध्यमिक वर्गांत असताना आपल्याला छळले गेले. शाळेत त्याची तक्रार केली फक्त अठरा टक्क्यांनी. तेहतीस टक्क्यांनी शाळा सोडण्यामागे हा छळ असल्याचे सांगितले. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद झालेल्या माणसांची संख्या देशात ४ लाख ८७ हजारांवर होती, आणि त्यांतली जवळपास ५५ हजार सहा वर्षांच्या आतली मुले होती. साक्षरता होती ५६ टक्के. या आकड्यांत नोंदीच्या चुका असतीलच, पण ज्यांच्या घरात अशी नोंद झाली ते आईवडील याच पालकसभांत बसतात. ‘बायल्या’, ‘छक्का’ म्हणून ज्याला मधल्या सुटीत घेरतात, तोही कुणाच्या तरी पोटचाच.

आपण इंदूरकर किन्नरांना अनोळखी समजत नाही. नंदलालपुऱ्याचा डेरा सगळ्यांना ठाऊक आहे, घरात बाळ आले की बधाईला ते येतात, मुले दारात उभी राहून पाहतात. याच राज्यातून शबनम मौसी आमदार झाल्या आणि सागरच्या मतदारांनी २००९ मध्ये कमला बुआंना महापौर केले. ज्या मुलाने बधाई पाहिली त्याच्या मनात प्रश्न आधीच उठलेला असतो. त्याचे उत्तर घरातून, शाळेतून मिळाले नाही तर ते वर्गातल्या थट्टेतून आणि मोबाइलमधून मिळते. वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये उत्तरे देत, आणि १९३४ मध्ये त्यावरच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, हे आपण मराठी माणसांनी तरी विसरू नये.

पालकांनी बदलावे ही अपेक्षा फार मोठी वाटत असेल तर चित्रा पालेकरांकडे पाहावे. मराठी रंगभूमीवरच्या या कलावतीने आपली मुलगी समलिंगी आहे हे जाहीरपणे सांगितले. कलम ३७७ चा वाद सर्वोच्च न्यायालयात होता तेव्हा समलिंगी मुलांच्या बाजूने न्यायालयात गेलेल्या आईवडिलांत त्याही होत्या. पालकांचा आवाज म्हटला की फाटकासमोरच्या घोषणाच डोळ्यांपुढे येतात. हाही पालकांचाच आवाज आहे.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बारावीतल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर केंद्राला, एनसीईआरटीला आणि सहा राज्यांना नोटीस काढली. ट्रान्सजेंडर व्यक्तींचा समावेश असलेले लैंगिक शिक्षण शाळांत आणावे, ही तिची मागणी. सहा राज्यांत महाराष्ट्र आहे, मध्य प्रदेश नाही. नोटिशीची वाट पाहायची गरज नाही, कारण करायचे काय, याचा एक चांगला नमुना समोर आहे. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये दोन तरुणींचे प्रकरण आले, तेव्हा आपल्याला या विषयाची पुरेशी जाण नाही असे त्यांनी न्यायालयातच सांगितले आणि निकालाआधी मानसतज्ज्ञाकडे जाऊन समजून घेतले. त्याच वर्षीच्या ७ जूनच्या आदेशात त्यांनी शाळांसाठी एक सूचना केली : पालक-शिक्षक संघाच्या बैठकांतून पालकांशी या विषयावर बोला.

इंदूरच्या शाळांनी हेच करावे. जे सांगायचे ते आधी पालकांना पानन्‌पान दाखवावे, वयानुसार काय येणार ते लिहून द्यावे, प्रश्न विचारायला वेळ ठेवावा. एखाद्या गोष्टीच्या तासाला मूल बसवायचे नाही असे कुणी म्हणाले तर त्यावर वाद होऊ शकतो, तडजोडही. मात्र वर्गात चिडवाचिडवी थांबवणे, घेरल्या गेलेल्या मुलाला स्वच्छतागृहात सुरक्षित जाता येणे, बाईंना त्याच्याशी नीट बोलता येणे, यांवर कुणाच्याही आईवडिलांची संमती लागू नये. माझ्या मुलाने काय ऐकावे हे ठरवताना माझे मत घ्या. दुसऱ्याच्या मुलाने मार खावा की नाही, हे माझ्या मतावर सोडू नका.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या समुपदेशकांविषयी : ते कागदावर किती आणि खोलीत किती.