शंभर मिलिलिटरांचा दंडक

2006 च्या ऑगस्टात, शीतपेयांच्या बाटल्यांत दडविलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त स्फोटकांनी अटलांटिकवरून जाणारी विमाने उडवून देण्याचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, आणि ब्रिटनच्या विमानतळांवर रातोरात असा कडक अंमल सुरू झाला की, तान्ह्या मुलाचे दूधसुद्धा पालकाने तपासनिसासमोर चाखून दाखवावे लागे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात युरोपीय संघाने हातातील सामानात द्रवांच्या 100 मिलिलिटरांपर्यंतच्या पात्रांना, ती एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील इतकीच असल्यास, मुभा दिली. पुढे पुष्कळ देशांनी हाच दंडक उचलला.

येथे मोजली जाते ती पात्राची क्षमता, आतील ऐवज नव्हे. सबब तळाशी बोटभर तेल उरलेली 200 मिलिलिटरांची बाटलीही जप्त होते, आणि प्रवासी व्यर्थ हुज्जत घालीत बसतो. टूथपेस्ट, मुरंबा, आमरस हेही याच सदरात मोडतात. तेव्हा परदेशी निघालेल्या लेकीसाठी निगुतीने भरलेली लोणच्याची बरणी नीट बांधून मोठ्या सामानातच रवाना करावी. औषधे व बालकांचा आहार यांना मात्र सवलत आहे.

जुन्या क्ष-किरण यंत्रास पाणी आणि स्फोटक द्रव यांतील भेद खात्रीने ओळखता येत नसे, हे या जाचाचे खरे कारण. सामानाची अनेक कोनांतून चित्रे घेऊन पदार्थाची घनता अजमावणारी यंत्रे आता आली आहेत. एडिंबरा विमानतळाने 2025 मध्ये त्यांच्या भरवशावर दोन लिटरपर्यंतची पात्रे नेऊ दिली. परतीच्या विमानतळावर जुनाच हुकूम चालू असेल, तर तीच बाटली तेथे टाकून यावी लागते.