माणसं बदलत गेली, बँड वाढत गेला

1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला, तेव्हा त्याचे गायक होते इयन सांतामारिया. आज याच बँडचं नाव ‘इंडस क्रीड’ आहे आणि त्याचा आवाज म्हणजे उदय बेनेगल, असं समीकरण पक्कं झालेलं आहे. मधल्या काळात ड्रमवर मार्क मेनेझेस, बॉबी दुग्गल, जय रो कवी असे हात बदलले. बासही एकाच्या गळ्यात राहिला नाही. मूळ संचापासून थेट पुनरागमनापर्यंत टिकले ते गिटारवादक महेश तिनईकर. लंडनच्या ‘किंग क्रिमझन’ बँडमध्ये 1969पासून रॉबर्ट फ्रिप वगळता सगळे आले-गेले. आपल्याकडे तो मान तिनईकरांचा.

ऐंशीच्या दशकात मुंबईच्या रॉकचं तीर्थक्षेत्र म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. मालाड-बोरिवलीची पोरं चर्चगेट लोकल पकडून मरिन लाइन्सला उतरायची. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथल्या मैफली बंद पडल्या, ही या शहराच्या संगीताची मोठी हानी आहे. त्या काळी श्रोत्यांना हवी असत परदेशी बँडची गाणी, जशीच्या तशी. रॉक मशीननेही सुरुवात तशीच केली. पण मग त्यांनी स्वतःची गाणी लिहायला घेतली आणि 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अख्खा अल्बम स्वतःच्या गाण्यांचा काढला. माझ्या मते या बँडचं सगळ्यात धाडसाचं काम हेच. 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ आला. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी आणि बासवर मार्क सेल्विन असा संच जमला होता.

1993 मध्ये ‘रॉक मशीन’चं ‘इंडस क्रीड’ झालं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1995 मध्ये नव्या नावाचाच अल्बम निघाला आणि 1997 मध्ये बँड फुटला. बेनेगल आणि गांधी यांनी ‘आम्स फॉर शांती’ काढला. पुढे बेनेगल आणि तिनईकर ‘व्हर्लिंग कलापाज’मध्ये विजेविना, अकूस्टिक वाजवू लागले.

2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे पिढीने धाकटे. पुनरागमन करणारे बँड बहुधा जुनी लोकप्रिय गाणी वाजवून टाळ्या घेतात. या पाच जणांनी ते टाळलं आणि 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नव्या गाण्यांचा अल्बम दिला. तो ऐकताना हा बँड प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वाटेवर किती पुढे आला आहे ते कळतं. गाणी ध्रुवपदाकडे धावत सुटत नाहीत. थांबतात, वळण घेतात, हळूहळू चढतात. कीबोर्डला पोकळी भरण्यापलीकडचं काम आहे. ड्रम नुसता ठेका धरत नाही, गाण्याशी बोलतो. अल्बमचं मिश्रण (मिक्सिंग) केलं टिम पामर यांनी. ‘पोर्क्युपाइन ट्री’ बँडच्या ‘इन ॲब्सेन्शिया’ अल्बमचं मिश्रण त्यांचंच. प्रॉगच्या, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, चाहत्यांना त्या अल्बमचं मोल वेगळं सांगायला नको.

नवे वादक आले म्हणून हा बदल झाला, असं मी ठामपणे म्हणेन. धाकट्यांच्या कानात नव्वदनंतरचं संगीत मुरलेलं होतं आणि थोरल्यांनी त्यांना नुसत्या रिकाम्या जागा भरायला बसवलं नाही. माणूस गेला की बँड संपला, असं आपण फार लवकर ठरवून टाकतो. प्रॉगच्या वाटेवर इंडस क्रीड एकटाही राहिला नाही. मुंबईतच ‘कोशिश’ या बँडने 2013 मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदी प्रॉग अल्बम काढला, तेव्हा या वाटेवर हिंदीतूनही चालता येतं हे दिसलं. मराठीतून असं काही घडावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

उपनगरांतल्या जॅमरूममध्ये तासाच्या भाड्याने सराव करणाऱ्या मुलामुलींना एक विनंती: ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि ‘इव्हॉल्व्ह’ एकामागोमाग, सलग ऐका. तुमचा ड्रमर सोडून गेला असेल, तर आधी ऐका.