टॅब बंद केला, क्वेरी चालूच

रिपोर्टचं पान नुसतं फिरत राहतं. वैतागून आपण टॅब बंद करतो, पुन्हा उघडतो, पुन्हा बंद. टॅब गेला म्हणजे मागचं काम थांबलं, अशी समजूत. पण ब्राउझर निघून गेल्याचं पीएचपीला कळतं ते त्याच्याकडे काही पाठवायला गेल्यावर, आणि इथे तर स्क्रिप्ट क्वेरीच्या उत्तरासाठी ताटकळलेली असते. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ चालवून बघा. तीच क्वेरी चार ओळींत, टाइमच्या रकान्यात 412, 390, 371, 348 सेकंद. चारदा उघडलं, चार ओझी.

‘पण आम्ही पीएचपीचा मॅक्स एक्झिक्युशन टाइम 30 ठेवलाय!’ लिनक्सवर त्या 30 सेकंदांत डेटाबेसची वाट बघण्याचा वेळ धरतच नाहीत. विंडोजवर धरतात. म्हणून ऑफिसच्या पीसीवर जे तुटतं, ते सर्व्हरवर खुशाल चालत राहतं. मायएसक्यूएल 5.7 मध्ये याच नावाची मर्यादा सिलेक्ट क्वेरींसाठी आहे, पण ती मिलिसेकंदांत. तिथेही सवयीने 30 लिहिणारे भेटतात. मग निम्मी साइट बंद.

यादीत ‘स्लीप’ दिसलं की मारून टाकायचं, हाही एक आवडता उद्योग. स्लीप म्हणजे कनेक्शन उघडं आहे, सध्या काम नाही, इतकंच. साधं कनेक्शन स्क्रिप्ट संपताच पीएचपी स्वतः बंद करते. तासन्‌तास झोपलेली असतात ती बहुधा पर्सिस्टंट, म्हणजे स्क्रिप्ट संपली तरी उघडीच ठेवलेली. मायएसक्यूएल त्यांना मुळात 28,800 सेकंद, म्हणजे 8 तास, सांभाळते. एकूण कनेक्शन्सची मर्यादा मात्र मुळात 151 ची, तेव्हा गर्दी झाली की ‘टू मेनी कनेक्शन्स’. तिथे किल करत बसण्यापेक्षा पर्सिस्टंट बंद करून बघावं.

आता खरं किल. ते दुसऱ्या कनेक्शनवरून द्यावं लागतं, कारण पहिलं अडकलेलं असतं. नुसतं ‘किल’ आणि यादीतला क्रमांक दिला तर अख्खं कनेक्शन तुटतं. ‘किल क्वेरी’ दिलं तर फक्त चालू क्वेरी थांबते. पीएचपीचं ‘मायएसक्यूएलआय किल’ हे फंक्शन 8.4 पासून मोडीत निघालंय, साधी क्वेरी म्हणूनच हुकूम पाठवावा. स्वतःच्या युजरची प्रोसेस मारायला वेगळी परवानगी लागत नाही. पण सगळी साइट एकाच युजरवर चालत असेल, तर यादीतल्या गिऱ्हाइकाच्या चालू ऑर्डरवरही आपलाच हात पडू शकतो.

आणि किल म्हणजे कुऱ्हाड नव्हे. मायएसक्यूएल फक्त खूण करून ठेवते; प्रोसेस ती अधूनमधून तपासते. लाखो ओळींचा अपडेट मध्येच मारला तर झालेलं सगळं उलटं फिरवावं लागतं आणि यादीत ‘किल्ड’ लिहिलेली ओळ बराच वेळ तशीच बसून राहते. अशा वेळी सर्व्हर रिस्टार्ट करणारेही आहेत. सर्व्हर परत उठतो आणि ते उलटं फिरवणं जिथे राहिलं होतं तिथून पुन्हा सुरू करतो.