तातडीची चिठ्ठी कुणाला?

आजचा विषय तोंडाच्या कर्करोगाचा आहे. उपचारांचा मात्र नव्हे, त्याआधीच्या पायरीचा. जवळचा डॉक्टर 'लगेच मोठ्या रुग्णालयात दाखवा' अशी चिठ्ठी देतो, ती योग्य कधी म्हणायची?

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. फौजेत जखमींना मागे पाठवताना क्रम लावतात. सगळ्यांनाच पहिला क्रमांक दिला, तर ज्याला खरी घाई आहे तोच रांगेत अडकतो. इथेही तेच.

इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेने २०१५ साली याचे निकष लिहून दिले. तोंडातला व्रण कारण सापडत नसताना तीन आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा मानेतली गाठ विनाकारण राहिली, तर थेट तज्ज्ञाकडे. ओठावर वा तोंडात गाठ असेल, लाल किंवा लाल-पांढरा चट्टा असेल, तर आधी दंतवैद्याने तातडीने पाहायचं.

तीन आठवडेच का? साधं तोंड येणं किंवा दात लागून झालेली जखम बहुधा दोन आठवड्यांत भरते. टोकदार दात घासला, कवळी नीट केली, तरी भरत नसेल तर शंका घ्यायची.

अशा चिठ्ठ्या मिळालेल्या बहुतेकांना कर्करोग निघत नाही. म्हणून त्या वाया गेल्या का? नाही. नाइसने उंबरठाच तीन टक्क्यांचा धरला: शंभरांत तिघांना असण्याची शक्यता असली, तरी तपासायचं. चिठ्ठी योग्य की नाही, हे नंतरच्या निकालावर नव्हे, त्या दिवशी दिसलेल्या लक्षणांवर ठरतं.

आपल्याकडे तंबाखू, गुटखा, सुपारीमुळे धोका मोठा. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू वा दारू घेणाऱ्यांमधले या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी दिसले. म्हणजे पहिली पारख गावातही होऊ शकते.

तुम्ही कुठल्याही राज्यात असा, डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: व्रण कधीपासून, नेमका कुठे, व्यसन किती वर्षं. चिठ्ठीवर त्या लिहून घ्या. 'थोडं थांबून पाहू' म्हणाले, तर पुढच्या तपासणीची तारीख मागा. आणि दुखत नाही म्हणून बसून राहू नका. हा रोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

जय हिंद.